ता. क. पुढे चालू

सांगलीचे कविवर्य वाईच्या मामांना उभा जन्म पत्रं लिहीत आले आहेत आणि हा सगळा पत्रव्यवहार वाङ्मयीन आहे असा त्यांचा पक्का समज आहे. परवाच्याच कार्डात ते लिहितात : 'मर्ढेकरांनंतर मराठी कवितेचं नेमकं काय झालं, याविषयी तुझ्याशी एकदा सविस्तर बोलायचं आहे. तूर्त इसबगोल दुधातून घ्यावं की कोमट पाण्यातून, तेवढं उलटटपाली कळव. वैद्य एक सांगतात, सूनबाई दुसरंच.' मर्ढेकरांनंतरच्या कवितेचा प्रश्न असा १९७० च्या आगेमागे पहिल्यांदा 'तूर्त' बाजूला पडला, तो अजून तिथंच आहे. इसबगोलाचा मात्र परवाच्या कार्डात सर्व अंगांनी विचार झाला होता.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. पेशानं प्राध्यापक, वृत्तीनं समीक्षक. वाईला मराठी विश्वकोशाच्या कचेरीत त्यांनी काही वर्षं नोंदी तपासल्या. नोंदी कापून कापून त्यांना थोडक्यात लिहायची अशी सवय जडली की कविवर्यांच्या चार पानी पत्राला मामांचं उत्तर चार ओळींचं जातं. 'पत्र पावलं. इसबगोल पाण्यातून. मर्ढेकरांचं नंतर बघू. वहिनींना नमस्कार.' काचबिंदूनं मामांची नजर अधू झाली तेव्हापासून पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेतला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या. कवितेशी माझा संबंध कविवर्यांच्या पोटामार्फत आला.

'कविवर्य' हे नाव मामांनीच ठेवलं. दोघं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात एका वर्गात, एका खोलीत. खानावळीचं बिल थकलं तेव्हा या गृहस्थांनी मुदतवाढीचा अर्ज शार्दूलविक्रीडितात लिहून दिला. मामा म्हणाले, 'कविवर्य, पैसे भरा.' त्यातला पहिला शब्द त्यांनी घेतला आणि दुसऱ्या-तिसऱ्याची व्यवस्था मामांना करावी लागली. उलट कविवर्य मामांना पत्रात 'मल्लिनाथा' म्हणतात. मल्लिनाथानं कालिदासावर टीका लिहिली. मामांना एकदा मल्लिनाथ म्हटलं की कालिदास कोण, हे ओघानंच येतं. ते वेगळं लिहायचा संकोच करावा लागत नाही.

कार्डाची सुरुवात ठरलेली. वर मधोमध 'श्री', उजवीकडे 'सांगली, गुरुवार, सकाळचे सव्वासात, आभाळ भरून आलेलं.' मग 'अत्र कुशलं तत्रास्तु'. त्यानंतरच्या ओळी अत्र काहीच कुशल नाही हे पटवून देण्यात खर्च होतात. डावा गुडघा, उजवा कान, शेजाऱ्यानं पाडलेली बोअर, त्या बोअरच्या आवाजानं मोडलेली झोप, मोडलेल्या झोपेत सुचलेली आणि उठून लिहीपर्यंत विसरलेली कविता. (अशा विसरलेल्या कविता हे त्यांच्या मते त्यांचं सर्वोत्तम लेखन आहे, आणि मामांचंही याबाबतीत दुमत नाही.) कार्ड भरलं की 'कळावे, लोभ असावा' आणि सही. आणि मग खरं पत्र सुरू होतं. ता. क. एक डाव्या समासात खालून वर. ता. क. दोन उजव्या समासात वरून खाली. ता. क. तीन 'श्री'च्या दोन्ही बाजूंना, उलटं. ता. क. चार पत्त्याच्या बाजूला, तिकिटाच्या खाली. एका कार्डावर तर जागाच उरली नव्हती, म्हणून शेवटी 'ता. क. पुढे चालू' एवढंच लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्डाची सुरुवात 'श्री' न घालता, वाक्याच्या मध्यापासून झाली होती. मधल्या दिवशी पोस्टाला सुट्टी आली. मामा दीड दिवस अस्वस्थ होते. कर्ता आला होता, क्रियापद यायचं होतं.

वाचताना कार्ड चहूकडून फिरवावं लागतं. माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, बाबा स्टिअरिंग धरून बसलेत.

शिवाय कार्ड उघडं. आमच्या पोस्टमनलाही कविवर्यांची गोडी लागलेली आहे. फाटकातून आत येता येताच तो सांगतो, 'पोट बरंय आज. गुडघ्यानं उचल खाल्लीय.' एकदा त्यानं मामांना विचारलं होतं, 'त्या बोअरवाल्याचं पुढं काय झालं ओ?' कवितांबद्दल त्यानं कधी विचारलं नाही.

आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात, निळ्या शाईच्या पत्रात लाल रिफिलनं, वहिनींच्या हातची एक ओळ असते. कविवर्य कार्ड टेबलावर ठेवून चप्पल शोधायला गेले की त्या ती घालतात. 'भावोजी, यांचं मनावर घेऊ नका. काल तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.' मामा मला आधी ती ओळ वाचायला लावतात आणि मग निवांतपणे बाकीचा आजार ऐकतात.

टपालखात्यावर कविवर्यांची भक्ती आहे. तिला हिशेबाचाही आधार आहे. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याला सुरू झालं आणि आज पन्नास पैशांना मिळतं. ही किंमत वीस वर्षांहून जास्त काळ हललेली नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'मल्लिनाथा, या देशात दोनच गोष्टींचे भाव स्थिर राहिले : पोस्टकार्ड आणि कवितेचं मानधन. पैकी पोस्टकार्डाचे पैसे रोख द्यावे लागतात.'

पिनकोड तर त्यांना घरचा वाटतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशभर सुरू झाला. त्याची आखणी करणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. हे कळलं त्या दिवशी कविवर्यांनी मामांना आंतर्देशीय पत्र धाडलं. एरवी ते कार्डावर भागवतात. 'सबंध भारत सहा अंकांत बसवला! मुक्तछंदवाल्यांना जमलं असतं का?' तेव्हापासून मामांच्या नावातलं एखादं अक्षर खाल्लं जाईल, पेठ चुकेल, पण ४१२८०३ हे आकडे चौकटीत, गणपतीला दूर्वा वाहाव्यात तसे एकेक करून वाहिलेले असतात.

२००२ साली टपालखात्यानं पंचवीस पैशांचं 'मेघदूत' कार्ड काढलं. कविवर्यांचा आनंद गगनात मावेना. आषाढाच्या पहिल्या दिवशीच वापरायचं म्हणून त्यांनी गठ्ठा आणून ठेवला. मग लक्षात आलं की पत्त्याच्या बाजूला अर्ध्या भागात जाहिरात असते, आणि म्हणूनच किंमत निम्मी आहे. म्हणजे ता. क. चारची जागा गेली. त्यांनी खरमरीत निषेध लिहिला. यक्षानं विरहाचा निरोप धाडायचा आणि मेघाच्या पाठीवर सरकारी योजनेची जाहिरात! हा निषेध त्याच कार्डावर होता. शेवटी लिहिलं होतं, 'कालिदासाचा हा अपमान मी पंचवीस पैसे वाचवून सोसतो आहे.'

त्यांच्या साहित्यिक कारकिर्दीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तसं न केल्यास मला पत्र येईल. ऐन तारुण्यात त्यांची एक कविता 'सत्यकथे'त छापून आली. एकच. पण मराठीत या एका गोष्टीवर माणूस साठ वर्षं कवी राहू शकतो, आणि 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडल्यामुळे आणखी का आली नाही हे विचारायची सोयही राहिली नाही. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत 'सत्यकथे'ची होळी केली तेव्हा कविवर्य मोठ्या पेचात पडले. वयानं ते बंडखोरांच्या बाजूचे, छापील कवितेनं प्रस्थापितांच्या. त्यांनी मामांना लिहिलं, 'जुनं जळायलाच हवं. नव्या पिढीचा हा अंगार मला मनोमन मान्य आहे. तुझी कुणाशी ओळख असल्यास एवढंच विचारून घे की जाळलेल्या अंकांत माझी कविता असलेला अंक नव्हता ना. नसल्यास माझा पाठिंबा कळव.'

पुढे आठ संग्रह निघाले. पहिला प्रकाशकानं काढला. बाकीचे भविष्य निर्वाह निधीतून. ते सगळे त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत गठ्ठ्यांनी रचलेले असत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, निम्मी सांगली पाण्यात गेली, आणि तळमजल्यावरचं कपाट, गाद्या, वहिनींचं शिलाई मशीन यांच्याबरोबर ते गठ्ठेही गेले. कविवर्य वरच्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात कार्डं लिहीत बसले होते. पोस्ट बंद होतं, म्हणून ती पाणी ओसरल्यावर सगळी एकदमच आली. त्यातलं एक मी वाचलं तेव्हा मामांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाले. 'खोलीत छातीभर पाणी आहे. कृष्णामाईनं एका रात्रीत माझं समग्र साहित्य नेलं. प्रथमच माझी आवृत्ती संपली. ज्या वाचकाची आयुष्यभर वाट पाहिली तो हा असा, न बोलावता, मागच्या दारानं आला. हिचं मशीन गेलं त्याचं वाईट वाटतं. त्या मशीनवर हिनं तीन पोरींच्या लग्नाचे परकर-पोलके शिवले होते.' खाली लाल रिफिल : 'भावोजी, मशीन दुरुस्त होतंय. हे दोन दिवस जेवले नव्हते, हे यांनी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहिते.'

माझं स्पष्ट मत असं आहे, आणि बँकेतल्या माणसाच्या मताला साहित्यात जेवढी किंमत आहे तेवढीच त्याला द्यावी, की या माणसाच्या आठही संग्रहांत असं एक पान नाही. संग्रहांत चांदणं आहे, पारिजात आहे, 'अनाम' काहीतरी फार आहे. सांगलीच्या हळदीचा वास नाही, शेजाऱ्याची बोअर नाही, वहिनी तर अजिबात नाहीत. त्यांच्या जागी एक 'ती' आहे, जिनं आयुष्यात इसबगोल भिजवलेलं नसावं. कविता लिहायला बसले की ते स्वच्छ धुतलेला झब्बा घालतात. पत्र मात्र बनियनवर लिहितात. फरक तिथंच पडत असावा.

दर नोव्हेंबरात एक पत्र हयातीच्या दाखल्यावर असतं. कविवर्य माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा त्यांना सही करून सांगावं लागतं. या विषयावर दरवर्षी त्यांना नवं सुचतं, हे मान्य करायला हवं. 'आज खिडकीतल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. सरकारदरबारी मी आणखी वर्षभर जिवंत आहे. साहित्यदरबारी अशी खिडकी कुठे असते, तुला ठाऊक आहे का?' मामांचं उत्तर : 'नाही. असती तर रांग फार मोठी असती.'

सरकारी मानधनाचंही त्यांनी करून पाहिलं. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. त्या योजनेत पूर्वी अ, ब आणि क असे वर्ग होते : राष्ट्रीय पातळीचा, राज्य पातळीचा आणि जिल्हा पातळीचा कलावंत. कविवर्य अर्ज घेऊन आले आणि वर्गाच्या रकान्यापाशी अडले. 'अ' लिहिणं विनयाला धरून नव्हतं, 'ब' लिहिणं सत्याला धरून नव्हतं, आणि 'क' लिहिण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं त्यांनी कळवलं. त्यावर दोन महिने पत्रापत्री चालली. मग कळलं की योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि पेन्शनीमुळे ते तिच्या बाहेर जातात. 'पेन्शनीमुळे मी गरीब ठरत नाही आणि कवितेमुळे श्रीमंत होत नाही. मधल्यामधे वर्गाचा अपमान मात्र झाला.' २०२४ पासून वर्ग काढून टाकून सगळ्यांना सरसकट पाच हजार रुपये झाले, हे मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे आता मी राष्ट्रीय पातळीवर अपात्र आहे.'

साहित्य संमेलनाचा विषय मात्र नाजूक. अखिल भारतीय संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी मतदानानं निवडला जात असे. मतदार सगळे मिळून हजाराच्या घरात, आणि कविवर्य त्यांतले एक. तो त्यांचा सुवर्णकाळ. दिवाळी झाली की उमेदवारांची पत्रं येऊ लागत, काही तर हातानं लिहिलेली. 'आपल्या कवितेचा मी जुना चाहता आहे.' 'आपल्या शब्दकळेनं माझी पिढी घडली.' कविवर्यांनी ही पत्रं फाइलीत लावली आणि पुढच्या संग्रहाच्या मलपृष्ठावर 'मान्यवरांचे अभिप्राय' म्हणून छापली. मत ते कुणाला देत हे मामांनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. पण जो सर्वांत लांब पत्र लिही त्याला, असा मामांचा कयास आहे. २०१८ साली साहित्य महामंडळानं निवडणूक बंद केली आणि अध्यक्ष सन्मानानं निवडायचं ठरवलं. यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची तशी निवड झाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं समाधान व्यक्त केलं. कविवर्यांनीही केलं. 'निवड उत्कृष्ट. पद्धत मात्र माझ्या मुळावर आली. या वर्षी माझी शब्दकळा कुणालाच आठवली नाही.'

मामांचं आणि त्यांचं एकदाच बिनसलं. पाचव्या संग्रहावर मामांनी परीक्षण लिहिलं आणि त्यात एकच स्तुतिपर वाक्य होतं : 'मुद्रण स्वच्छ आहे.' कविवर्यांनी अबोला धरला. अबोला धरला आहे हे कळवणारं कार्ड आलं. दुसऱ्या दिवशी, अबोल्याचा आज दुसरा दिवस असून आपण त्यावर ठाम आहोत, असं कार्ड आलं. तिसऱ्या दिवशी, अबोला असल्यामुळे पायाला चमक भरल्याचं कळवता येत नाही, याची खंत वाटते असं. असा तो अबोला पावसाळाभर रोजच्या टपालानं चालला. मामांनीही आपल्या बाजूनं कडक मौन पाळलं, म्हणजे नेहमीच्या चार ओळींऐवजी दोनच लिहिल्या. शेवटी लाल रिफिलनं तड लावली. 'भावोजी, मुद्रणाचे पैसे मीच दिले होते. तुमचं वाक्य मला पोचलं.'

दोघांच्या घरी फोन आहेत. कविवर्यांच्या नातवानं त्यांना स्मार्टफोनही घेऊन दिला आहे. पण फोनवर या दोघांचं जमत नाही. 'पत्र मिळालं?' 'मिळालं.' 'बरं आहे ना?' 'आहे.' 'मग ठेव, पत्रात लिहितो.' व्हॉट्सॲपवर त्यांना एका काव्यसमूहात घातलं होतं. तिथं पहाटे पाचपासून कविता पडतात आणि प्रत्येकीखाली 'अप्रतिम' पडतं. चार दिवसांत ते बाहेर आले. 'अप्रतिम म्हणायला इतका कमी वेळ लागत असेल तर कविता लिहायला फार लागला नसावा,' एवढाच शेरा. शिवाय तिथं समास नाहीत.

टपालखात्यात काही बदललं की वाईला कार्ड येतंच. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांनी शेवटच्या दिवशी मामांना तार केली : 'ही शेवटची. पत्र मागाहून.' २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा तर त्यांनी सुतकच पाळलं. त्यांचे सगळे हस्तलिखित संग्रह संपादकांकडे रजिस्टर ए.डी.नं गेले आणि रजिस्टर ए.डी.नंच परत आले. 'संपादकांनी काही का म्हणेनात, त्या गुलाबी पोचपावतीवर कुणीतरी सही करून मला स्वीकारल्याचं लेखी देत असे.' आणि त्याच वर्षअखेरीला डेन्मार्कच्या टपालखात्यानं चारशे वर्षांची परंपरा मोडून घरोघर पत्रं वाटणं बंद केल्याची बातमी त्यांनी वाचली. कार्ड आलं : 'मल्लिनाथा, आपण डेन्मार्कात जन्मलो नाही हे पूर्वसुकृत. पोटाचं मी तिथं कुणाला कळवलं असतं?'

आता गालिब. साठी उलटल्यावर कुणीतरी त्यांना मिर्झा गालिबची पत्रं वाचायला दिली आणि तेव्हापासून मल्लिनाथ मागे पडून मामांना अधूनमधून 'तफ्ता' व्हावं लागलं. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे गालिबचे शिष्य आणि स्नेही. त्यांना गालिबनं शंभरावर पत्रं लिहिली. तफ्ता बिचारे फारसी गझलांचे भारेच्या भारे दुरुस्तीला पाठवत, आणि दिल्लीहून मिर्झा उत्तर देत ते गळक्या छपराबद्दल, १८५७ नंतर अडकलेल्या पेन्शनीबद्दल, दुखण्यांबद्दल. कविवर्यांना यात स्वतःचं चरित्र दिसलं. पेन्शन आहे, छप्पर गळतं, दुखणी आहेत. आता फक्त गझला राहिल्या, त्याही शिकतो, असं त्यांनी कळवलं. मामांनी ते तातडीच्या कार्डानं थांबवलं. एवढ्या तत्परतेनं मामांनी दुसरं उत्तर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

करोनाच्या काळात, पोस्ट जेमतेम सुरू असताना, कविवर्यांचं बाणेदार पत्र आलं : मरणाची भीती नाही, पण या गर्दीत जाणं आपल्या प्रतिष्ठेला शोभणार नाही, म्हणून थांबलो आहे. मामांनी मला लिहून घ्यायला सांगितलं : 'हे गालिबचं आहे. त्यानं स्वतःच्या मरणाचं वर्ष काढून ठेवलं होतं, हिजरी १२७७. त्या साली दिल्लीत साथ आली, हा जगला, आणि वर हे म्हणाला.' उलटटपाली उत्तर आलं, 'थोर माणसांना सारखंच सुचतं. लस घेतली. दंड दुखतो.'

एका बाबतीत मात्र गालिब आणि कविवर्य यांच्यात फार अंतर आहे. १८५८ साली तफ्ता आणि आग्र्याचे छापखानेवाले शिवनारायण यांनी पत्रं छापू का म्हणून विचारलं, तर गालिब नको म्हणाला. घाईत खरडलेलं, त्यात काय छापायचं, आपल्या नावाला कमीपणा येईल, असं त्याला वाटलं. पुढे तो नरमला. 'ऊदे हिंदी' हा पत्रसंग्रह निघाला १८६८ च्या ऑक्टोबरात. फेब्रुवारी १८६९ मध्ये तो गेला. 'उर्दू-ए-मुअल्ला' हा दुसरा त्यानंतर महिन्याभरात. दुरुस्त्या करून करून ज्यांना त्यानं घडवलं त्या तफ्तांच्या फारसी गझला आज कोण वाचतं? आणि ते घाईत खरडलेलं उर्दू गद्य आज अभ्यासाला असतं. आमचे कविवर्य विचारण्यापूर्वीच हो म्हणून बसले आहेत. १९८७ साली जी. ए. कुलकर्णी गेले, मग त्यांच्या निवडक पत्रांचे खंड एकामागून एक येऊ लागले, तेव्हापासून कविवर्य कार्बन लावून पत्र लिहितात. कार्डाखाली कार्बन, त्याखाली वहीचं पान. जी.एं.बद्दल त्यांच्या मनात आदर आहे आणि थोडी असूयाही. 'धारवाडला कुणाला न भेटता राहिला, म्हणून लोकांनी पत्रं वाचली. मी रोज सकाळी गणपतीच्या देवळापाशी चार माणसांना भेटतो. माझी पत्रं कोण वाचणार?'

पण कार्बनचा घोटाळा असा झाला की त्यात फक्त मधला मजकूर उतरतो. समास लिहिताना ते कार्ड हातात घेऊन फिरवतात, तेव्हा खाली काहीच नसतं. म्हणजे त्यांच्या वह्यांत सगळे 'अत्र कुशलं' आहेत आणि ता. क. एकही नाही. लाल रिफिल तर नाहीच. समग्र कविवर्य आहेत ते वाईला, साखरेच्या दोन पोत्यांत, आमच्या माळ्यावर. हे त्यांना कळलं तेव्हापासून ते मामांना अधिक जपून लिहू लागले आहेत. 'प्रकृतीला जप. आणि माळ्यावर उंदीर होतात, ते बघ.'

एका प्रकाशकानं तयारी दाखवली आहे. अट नेहमीची : तीनशे प्रती कविवर्यांनी स्वतः घ्यायच्या. त्या ते वरच्या मजल्यावर ठेवणार आहेत. संपादन मामा करतील, म्हणजे ते ऐकतील आणि मी लिहीन. प्रस्तावना चार ओळींची आहे आणि लिहून झाली आहे. कविवर्यांना तीत फक्त एक दुरुस्ती हवी आहे : मुद्रणाचा उल्लेख नको.

तरी ज्यांच्याकडे कविवर्यांची पत्रं असतील, आणि सांगली, सातारा, कोल्हापूर या भागात ती बऱ्याच घरांत असणार, त्यांनी ती कृपया या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावीत. नक्कल करून मूळ पत्र परत केलं जाईल. समास कापू नयेत. लाल शाईची ओळ असल्यास ती खोडू नये. सोबत कविता आली असेल तर ती पाठवायची गरज नाही. ती आमच्याकडे आहे.